हाय टेन्शन तारांखालचा गोवा

गोव्यात वीजनिर्मितीचा मोठा प्रकल्प नाही. आपल्या घरांत, हॉटेलांत आणि वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत येणारी बहुतेक वीज महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या बाजूने, उंच टॉवरांवरून येते. कोलवाळ, थिवी, फोंडा, शेल्डे अशा उपकेंद्रांत तिचा दाब उतरवला जातो आणि मग ती गावोगाव पोचते. राज्य अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं. त्यातला बराच भाग जंगलाचा, उरलेल्यात शेती, खाजन (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन), खाणी आणि वस्ती. इतक्या दाटीतून या वाहिन्यांना वाट काढावी लागते आणि प्रत्येक वाहिनीखाली जमिनीचा एक लांबलचक पट्टा अडकतो. रस्ते, पूल, सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) यांवर आपल्या ग्रामसभा तावातावाने बोलतात. या पट्ट्याचा विषय निघतो तो मात्र कुणाच्या तरी गच्चीजवळ तार आली की. तोवर उशीर झालेला असतो.

पट्टा किती रुंद हवा, हे वाहिनीच्या दाबावर ठरतं. आपल्याकडे ११० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी साधारण २२ मीटर, २२० किलोव्होल्टसाठी ३५ मीटर आणि ४०० किलोव्होल्टसाठी ४६ मीटर रुंदी धरतात. म्हणजे ४०० किलोव्होल्टची वाहिनी एक किलोमीटर धावली की साडेचार हेक्टरांहून जास्त जमीन तिच्या छायेत येते. तारा प्रत्यक्षात इतकी जागा व्यापत नाहीत. मग एवढी रुंदी कशाला?

कारण तार स्थिर नसते. दोन टॉवरांमधलं अंतर ३५० मीटर आणि तारेचा झोळ, म्हणजे मधोमध ती जितकी खाली लोंबते ते अंतर, आठ मीटर आहे असं समजा. एप्रिलच्या दुपारी, वातानुकूलन यंत्रांचा भार वाढलेला असताना, तारेतून जास्त प्रवाह जातो आणि वरून ऊनही तापवतं. तारेचं तापमान चाळीस अंशांनी चढलं तर अॅल्युमिनियम-पोलादाची ती तार जेमतेम पाव मीटर लांबते. पण एवढ्याशा वाढीने मधला झोळ सुमारे दीड मीटर खाली येतो. भूमितीचा हा परिणाम डोळ्यांना पटत नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. सकाळी ऐसपैस वाटलेलं अंतर दुपारी तेवढं राहत नाही. शिवाय मान्सूनच्या वाऱ्यात तारा झोके घेतात, आणि झोळ जितका मोठा तितका झोका लांब जातो. पट्ट्याची रुंदी ठरवताना हा झोका, टॉवरच्या हातांची लांबी आणि विजेने हवेतून उडी मारू नये म्हणून ठेवायचं अंतर, हे सगळं मिळवलेलं असतं.

इमारतींसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आहेत. ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या तारा इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून किमान ३.७ मीटर वर हव्यात. बाजूने हे अंतर ११ किलोव्होल्टला १.२ मीटर, ३३ ला २ मीटर. त्यापुढे दर ३३ किलोव्होल्टमागे किंवा त्याच्या अंशामागे ०.३ मीटर वाढवत जायचं. या हिशेबाने ११० किलोव्होल्टला वर ४.६ मीटर आणि २२० ला ५.५ मीटर होतात. मोजणी तारेच्या कमाल झोळापासून करायची असते.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रकार पाहा. तळमजला अधिक एक असं घर नियमात बांधलं जातं. दोन पावसाळे गेले की स्लॅब गळू लागतो आणि मालक गच्चीवर लोखंडी खांब उभे करून पत्रे घालतो. गोव्यातल्या अर्ध्याअधिक वाड्यांवर हे दृश्य दिसेल, आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्यात वावगं काही नाही. पण त्या पत्र्यांनी अडीच-तीन मीटर उंची खाल्ली. अंतर होतं तेवढं संपलं, आणि वर चढून पत्रा बसवणाऱ्या कामगाराच्या हातात धातूची लांब चादर आहे. ओला बांबू किंवा आंबे काढायची लांब काठीसुद्धा अशा वेळी जीव घेऊ शकते. उच्च दाबाच्या तारेला स्पर्श व्हावा लागत नाही, पुरेसं जवळ जाणं पुरतं.

तारांमुळे आजार होतात का, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. तारेभोवती दोन क्षेत्रं असतात. विद्युत क्षेत्र दाबावर अवलंबून असतं आणि भिंती, झाडं ते बरंचसं अडवतात. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर अवलंबून असतं आणि भिंतीतून आरपार जातं, पण अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं. २०१० साली अशा क्षेत्रांपासूनच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य नागरिकांसाठी चुंबकीय क्षेत्राची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) ठेवली. लोक वावरतात तिथे वाहिन्यांखालचे आकडे सहसा याच्या बरेच खाली असतात. दुसरीकडे, २००० सालच्या एकत्रित विश्लेषणांत ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या वर दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. कारण आणि परिणाम असा संबंध त्यातून सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. घाबरून जावं असं यात काही नाही. पण शाळा, अंगणवाडी आणि झोपायच्या खोल्या पट्ट्याला खेटून नकोत, एवढं शहाणपण आराखड्यात परवडतं. कॅलिफोर्निया राज्याने नव्या शाळांसाठी २२० किलोव्होल्टच्या वाहिनीपासून दीडशे फुटांचं अंतर कधीच ठरवून टाकलं आहे.

मग या जमिनीवर करायचं काय? गोव्यातलं सगळ्यात अडचणीचं पीक म्हणजे आपलं कुळागर, माड-पोफळीची बाग. माड आणि पोफळ वीस मीटरच्या घरात जातात, त्यांना तारांखाली जागा नाही. ज्याचं कुळागर मधोमध कापलं जातं त्याचं नुकसान झाडं मोजून भरून येत नाही. पाट, सावली, मिरीचे वेल, सगळी रचनाच मोडते. म्हणून वाहिनीची आखणी करताना कुळागरं टाळणं हे माझ्या मते जंगल टाळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उलट खाजनातली भातशेती तारांखाली निवांत चालते. बांध आणि मानस (बांधातली पाण्याची झडप) यांना तारांची अडचण नाही, फक्त टॉवरचा पाया खाऱ्या चिखलात गंजू नये याची काळजी घ्यावी लागते. अननस, हळद, आलं, सुरण, भाजीचे मळे, सगळं होतं. काजूला छाटून बुटका ठेवता येतो, पण त्याला दरवर्षी कुणीतरी हात लावायला हवा.

जिथे शेती नाही तिथे पट्टा उघडाबोडका करून सोडतात, आणि हीच मला सर्वांत मोठी चूक वाटते. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिल्याच पावसात रानमोडी हे तण चढतं. मार्चपर्यंत ते वाळून कोळ होतं आणि ठिणगी पडली की वणवा लागतो. धूर आणि उष्णतेने हवेची विद्युतरोधक शक्ती घटते, त्यामुळे तार न तुटताही वीज जमिनीकडे झेपावून वाहिनी बंद पडते. त्यापेक्षा करवंदं, चुन्नां अशी बुटकी झुडपं टिकवली तर ती उंच झाडांच्या रोपांना वर येऊ देत नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका वाहिनीखाली १९५३ पासून याचाच अभ्यास सुरू आहे. निवडक तोड आणि झुडपांची राखण केली की छाटणीचं काम कमी होतं, आणि पक्षी व मधमाश्यांना अधिवास मिळतो, असं तिथे दिसलं. कॅनडात टोरोंटोच्या स्कारबरो भागात तर वाहिनीखालचा १६ किलोमीटरचा, सुमारे दोनशे हेक्टरांचा पट्टा फुलांचं कुरण आणि सायकलवाट म्हणून विकसित होत आहे. गोव्याचे सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, तर मुळातच बिनझाडांचे, पावसाळ्यात रानफुलांनी भरणारे. तारा तिथून नेल्या तर झाडं तोडावी लागत नाहीत. पण नेमक्या त्याच सड्यांवर आता वसाहती उभ्या राहताहेत.

भूमिगत केबल हा उपाय वस्तीत रास्त आहे. पण तिचा खर्च कितीतरी पट जास्त आहे, आणि तिच्यावर खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत की घर बांधता येत नाही. म्हणजे जमीन तशीही राखावीच लागते.

यात वाटेची निवड किती मोलाची आहे, हे मोलें अभयारण्याच्या वादाने दाखवलं. ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी जंगलातून नवी वाट पाडून येणार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये सुचवलं की आंबेवाडी-फोंडा या जुन्या २२० किलोव्होल्ट वाहिनीच्याच पट्ट्यातून ती न्यावी. न्यायालयाने २०२२ मध्ये ते मान्य केलं. जुना पट्टा नीट राखलेला असला की तो असा पुढच्या पिढीच्या कामी येतो. पण तोच पट्टा घरांनी भरला तर नव्या वाहिनीला जंगलाशिवाय दुसरीकडे जागा उरत नाही.

आपल्याकडचा पेच नकाशाचा आहे. वाहिनी शेकडो सर्व्हे नंबर ओलांडते, पण झोन (जमिनीचा ठरवलेला वापर) बदलतो एकेका प्लॉटचा. २०२४ मध्ये नगर नियोजन कायद्यात आलेल्या कलम ३९ अ ने तसे अर्ज करण्याची सोय केली. प्रत्येक अर्ज सुटा पाहिला तर निर्दोष दिसतो, पण पट्टा तुकड्यातुकड्याने बुजत जातो. मालकाचीही बाजू आहे. फॉर्म १ व १४ या जमिनीच्या उताऱ्यावर नाव त्याचंच राहतं, पण बांधकामाचा हक्क जातो. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरच्या पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई धरली आहे. मार्च २०२५ मध्ये नगरपालिका क्षेत्रांसाठी पट्ट्याचा दर ४५ टक्के आणि महापालिकांसाठी ६० टक्के केला गेला. ही एकरकमी भरपाई झाली. पट्ट्यावर झुडपं राखणाऱ्या, रानमोडी काढणाऱ्या मालकाला वर्षागणिक काही मिळायला हवं, तरच तो पट्टा राखील.

प्रादेशिक आराखड्यात हा पट्टा स्वतंत्र रंगाने दाखवावा, त्यावरची उंचीची मर्यादा सर्व्हे नंबरनिहाय लिहावी, आणि त्याच्या एका कडेने तीन-चार मीटरची कच्ची वाट धरावी. जूनमध्ये फांद्या तारांना लागतात तेव्हा लाइनमन आणि त्याची शिडी या वाटेनेच जातील. बाकीचे अकरा महिने ती शाळेच्या मुलांना आणि गुरांना वापरता येईल.