गाडीच्या धुरावर कायदा कोणी करायचा?

१२ जून २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, तीन ठरावांवर सह्या केल्या. वाहनांच्या धुराबाबत कॅलिफोर्नियाने केलेल्या तीन नियमावल्यांना केंद्राच्या पर्यावरण संस्थेने दिलेली परवानगी त्यामुळे रद्द झाली. २०३५पासून राज्यात विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार विजेवर किंवा हायड्रोजनवर चालणारी, नाहीतर प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलचं इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली) असावी, हा त्यातला गाजलेला नियम. बाकीचे दोन ट्रकांचे. कॅलिफोर्निया त्याच दिवशी कोर्टात गेलं. तेव्हापासून चर्चेत एक प्रश्न सतत ऐकू येतो: पन्नास राज्यांपैकी याच एका राज्याला वेगळा अधिकार कशासाठी? कायद्यात शोधलं तर आपण १९६७ सालच्या एका तरतुदीपाशी पोचतो. पण ती तरतूद लॉस एंजेलिसच्या हवेतून आली आहे, आणि त्या हवेचं रसायन माझ्या मते शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिकवायला हवं.

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर असं धुरकं पसरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला अशीही शंका काहींना आली. नंतर संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद ठेवून पाहिला, तरी धुरकं हटेना.

कोडं सुटलं ते अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाकडून. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत फळांचे सुगंधी घटक वेगळे काढत. तेच उपकरण त्यांनी बाहेरच्या हवेला लावलं. ढीगभर हवा ओढून, थंड करून हाती आला तो थोडासा तपकिरी, उग्र वासाचा द्रव. त्यात आल्डिहाइड आणि पेरॉक्साइडसारखी संयुगं निघाली. म्हणजे इंधनाचे अर्धवट जळलेले अंश हवेत कुठेतरी ऑक्सिडाइज होत होते. त्यांचा संशय ओझोनवर गेला. ओझोन मोजायला त्यांनी रबराची पट्टी वापरली. वाकवून ताणलेल्या रबराला ओझोन लागला की आडव्या भेगा पडतात, आणि ओझोन जितका जास्त तितक्या त्या लवकर दिसतात. पट्टी वाकवायची, घड्याळ लावायचं, पहिली भेग पडायची वाट पाहायची.

आता मुद्द्याकडे येऊ. एकही गाडी सायलेन्सरमधून ओझोन सोडत नाही. मग तो येतो कुठून?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तापमान इतकं चढतं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड बनतं. बाहेर त्याचं नायट्रोजन डायऑक्साइड होतं. धुरक्याची तपकिरी छटा बरीचशी त्याचीच. सूर्याच्या जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाने हा रेणू फुटतो आणि ऑक्सिजनचा एक सुटा अणू बाहेर पडतो. तो शेजारच्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की ओझोन तयार. पण रेणू फुटल्यावर मागे नायट्रिक ऑक्साइड उरलेलं असतं, आणि ते लगेच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतं. एक तयार, एक नष्ट. या चक्रातून ओझोन फारसा साचायलाच नको.

इथे हायड्रोकार्बन येतात: न जळलेलं पेट्रोल, टाकीतून उडालेली वाफ. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत चळवळ्या रॅडिकल, म्हणजे जोडीदार शोधणारा रेणूचा तुकडा, असतो. तो हायड्रोकार्बनचा हायड्रोजन ओढून घेतो, उरलेल्या तुकड्याला ऑक्सिजन चिकटतो आणि पेरॉक्सी रॅडिकल बनतो. हा रॅडिकल आपला ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडला देऊन टाकतो. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड झालं, पण ओझोन खर्च न होता! मग प्रकाश त्याला पुन्हा फोडतो आणि नवा ओझोन तयार होतो. शिवाय पुढच्या पायऱ्यांत हायड्रॉक्सिल परत मिळतो, त्यामुळे तेच नायट्रोजन ऑक्साइड (वरच्या दोन्ही ऑक्साइडांचं मिळून नाव) पुन्हापुन्हा वापरलं जाऊन ओझोन साचत राहतो. साखळी तुटते ती हायड्रॉक्सिल आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची गाठ पडून नायट्रिक आम्ल बनलं की.

या शेवटच्या वाक्यातून एक विचित्र गोष्ट निघते. नायट्रोजन ऑक्साइड फार झाली तर ती ओझोनही खातात आणि साखळीही तोडतात. म्हणून लॉस एंजेलिसमध्ये रविवारी डिझेल ट्रक कमी, नायट्रोजन ऑक्साइडही कमी, तरी ओझोन मात्र जास्त, असं वर्षानुवर्षं दिसलं. कडक नियमांच्या विरोधकांनी हे उदाहरण हिरिरीने मांडलं. निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष अर्धा. नायट्रोजन ऑक्साइड आणखी खाली आणली की चढ संपून उतार लागतो, कारण शेवटी ऑक्सिजनचा सुटा अणू त्यांच्याकडूनच येतो.

लॉस एंजेलिसलाच हे का भोवलं? समुद्राकडून येणारी थंड हवा खाली, तिच्यावर उबदार हवेचा थर, पलीकडे सान गॅब्रिएलचे डोंगर, वर भरपूर ऊन आणि खाली लाखो मोटारी. पातेल्यावर झाकण ठेवून आच द्यावी तसं.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ‘तुळस वीस तास ऑक्सिजन आणि चार तास ओझोन सोडते’ हा संदेश आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतो आहे. तुळस ओझोन सोडत नाही. कोणतंच झाड सोडत नाही. उलट जमिनीलगतचा ओझोन पानं जाळतो. हागेन-स्मिट यांनी पालक आणि बीट यांच्या पानांवरच्या डागांवरून हेच दाखवलं होतं. पृथ्वीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचा ओझोन आपलं रक्षण करतो, नाकाशी आलेला फुप्फुसं सोलतो. खोलीत ओझोन सोडून ‘हवा शुद्ध’ करणारी यंत्रं घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

हागेन-स्मिट यांचे निष्कर्ष सहज स्वीकारले गेले नाहीत. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने ते फेटाळले. फोर्ड कंपनीने १९५३ साली लॉस एंजेलिस काउंटीचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांना कळवलं की गाड्यांची वाफ हवेत लगेच विरून जाते, तिचा त्रास होत नाही. तरी १९६६ साली कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर देशातली पहिली मर्यादा घातली. १९६७ साली केंद्राने सगळ्या देशासाठी एकच नियम करायचं ठरवलं, तेव्हा मोटार उद्योगाच्या मिशिगन राज्याचे खासदार जॉन डिंगेल यांनी कॅलिफोर्नियाची स्वतःचे नियम करण्याची सवलत उडवण्याचा जोरदार प्रयत्न केला. तो फसला. राज्याची परिस्थिती ‘निकडीची आणि असाधारण’ असेल तर केंद्राने परवानगी द्यावी, असं ठरलं. १९७७पासून इतर राज्यांनाही कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे घेता येऊ लागले. राज्याच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले हागेन-स्मिट.

२००२ साली कॅलिफोर्नियाच्या आमदार फ्रॅन पॅव्हली यांच्या विधेयकाने गाडी पुढे नेली: आता कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा. रेडिओवरून आणि जाहिरातींतून हल्ला झाला की आता तुमच्या मोठ्या गाड्या जाणार, पेट्रोलवर कर बसणार. त्यामुळे नवा कर नाही, कोणत्याही प्रकारच्या गाडीवर बंदी नाही, वेगमर्यादा घटवायची नाही, असं कायद्यातच लिहावं लागलं.

इथे रसायन बदलतं. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड ही तिन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडण्याआधी त्यातले घातक वायू बदलणाऱ्या डब्यात, मारता येतात. कार्बन डायऑक्साइड मारता येत नाही. तो ज्वलनाचा शेवटच आहे. लिटरभर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो. त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो आणि जवळपास २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कमी करायचा तर पेट्रोलच कमी जाळावं लागतं. वाहन कंपन्यांनी कोर्टात नेमकं हेच धरलं: हा तर मायलेजचा कायदा झाला आणि मायलेज ठरवण्याचा हक्क केंद्राचा. व्हरमाँट आणि कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी २००७ साली तो युक्तिवाद नाकारला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओझोन खोऱ्यात साचतो, कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो, मग ‘असाधारण परिस्थिती’ कुठली? याच मुद्द्यावर केंद्राने २००७च्या डिसेंबरात परवानगी नाकारली, २००९ साली दिली, २०१९ साली काढून घेतली, २०२२ साली परत दिली. मला कॅलिफोर्नियाचं उत्तर पटतं: हवा तापली की वर सांगितलेली साखळी जोरात चालते, झाडांतून आणि टाक्यांतून जास्त हायड्रोकार्बन उडतात. तापमान वाढलं की त्या खोऱ्यातला ओझोनही वाढतो.

भारतात हा तंटा होत नाही, कारण वाहनांच्या उत्सर्जनाची मानकं केंद्र ठरवतं. तरी स्थानिक हवेचं तत्त्व आपल्याकडेही होतं. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ साली कडक मानकं आधी मोठ्या शहरांत आणि मग देशभर, असा क्रम सुचवला होता. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ सगळीकडे एकदम आलं. मात्र पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी आजही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजन ऑक्साइड त्यात नाहीत, म्हणजे ओझोनच्या साखळीचा अर्धा भाग आपण रस्त्यावर तपासतच नाही.

ट्रम्प यांनी रद्द केलेल्या तीन परवानग्यांपैकी एक जड ट्रकांच्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी होती. कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो हा आक्षेप तिला लागू होत नाही. महाग ट्रकांचा भार छोट्या वाहतूकदारांवर पडेल ही तक्रार खरी आहे, तिच्यावर मदत आणि मुदत हे उपाय आहेत. पण ज्या धुरक्यासाठी १९६७ची सवलत जन्माला आली, त्याच धुरक्यावरचा नियम मोटारींच्या नियमासोबत एका झटक्यात गेला. असा ठराव फक्त केंद्रीय संस्थेच्या ‘नियमा’वर करता येतो, म्हणून काँग्रेसमधल्या वादाचा मोठा भाग ही परवानगी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ‘नियम’ ठरते का, यावरच झाला. ती ठरत नाही, असं काँग्रेसच्या स्वतःच्या लेखापरीक्षण कार्यालयाने आधीच कळवलं होतं.