बेल-व्हू : गिळत गेलेली, मग स्वतःच गिळली गेलेली ब्रुअरी

ब्रसेल्सच्या मोलेनबेक भागात, शार्लरॉयकडे जाणाऱ्या कालव्याच्या काठी विटांची एक अवाढव्य इमारत आहे. २०१३ पासून तिथे हॉटेल चालते. त्याआधी ती बेल-व्हू कंपनीची ब्रुअरी होती, लाम्बिक नावाची आंबट बिअर बनवणारी.

लाम्बिकला विरजण लावत नाहीत, हीच तिची थोरवी. बार्लीचे माल्ट आणि मोड न आणलेला गहू यांचा उकळता काढा उथळ, उघड्या हौदात रात्रभर निववत ठेवायचा. हवेतले जंगली यीस्ट त्यात आपणहून उतरते. म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतले. पुढे लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरवण. वेगवेगळ्या वयाचे लाम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा फसफसू दिले, की आंबट, कोरडी ‘ग्यूझ’ तयार होते.

फिलेमॉन व्हान्डेन स्टॉक यांनी १९१३ मध्ये सुरुवात केली ती अशा मिश्रणानेच. लाम्बिक विकत घ्यायचे आणि ग्यूझ करून विकायची. १९२७ मध्ये त्यांनी ब्रसेल्सच्याच अँडरलेख्ट भागातले ‘बेल-व्हू’ नावाचे कॅफे घेतले, नाव तिथून आले. स्वतःची ब्रुअरी मिळाली ती थेट १९४३ मध्ये, मोलेनबेकची व्होस-किना. पण ते वैभव त्यांना पाहता आले नाही. नाझी छळछावणीत त्यांचा अंत झाला.

मुलगा कॉन्स्टंट आणि जावई ओक्ताव्ह कोलँ यांनी धंदा वाढवला. (हेच कॉन्स्टंट पुढे अँडरलेख्ट फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाले, स्टेडियमला कित्येक वर्षे त्यांचे नाव होते.) वाढ कशी? ग्यूझ गाळून, गोड करून, छोट्या बाटलीत, सर्वांना रुचेल अशी विकली. आणि शेजारच्या ब्रुअऱ्या एकामागून एक विकत घेतल्या. १९७५ मध्ये स्केपडालची दे नेव्हही गेली. प्रत्येक खरेदीबरोबर एकेका घराची स्वतंत्र चव संपली. माझ्या मते लाम्बिकचे खरे नुकसान इथेच झाले, मोलेनबेकला कुलूप लागले तेव्हा नव्हे.

१९९१ पर्यंत बेल-व्हू इंटरब्रू या बड्या बेल्जियन बिअर कंपनीच्या पूर्ण ताब्यात गेली. नंतर उत्पादन ब्रसेल्सजवळच्या सिंट-पीटर्स-लेउव्हला हलले आणि कालव्याकाठची पिंपे रिकामी झाली. अँडरलेख्टमधली १९०० सालची छोटी कान्तियों ब्रुअरी मात्र आजही उघड्या हौदात काढा निववते आणि तीच आंबट, कोरडी ग्यूझ भरते.