तीन अनोळखी, तीन पेले आणि छत्तीस मिनिटं

तीन अनोळखी माणसं टेबलाभोवती बसवायची, पुढ्यात पेले ठेवायचे आणि ३६ मिनिटं कॅमेरा चालू ठेवायचा. पिट्सबर्ग विद्यापीठाचे मायकेल सेयेट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे २४० गट होते, म्हणजे ७२० माणसं. काही गटांना क्रॅनबेरीच्या रसातून व्होडका दिली, काहींना नुसताच रस. उरलेल्यांना व्होडका असल्याचं सांगून टॉनिक वॉटर पाजलं. बिंग फुटू नये म्हणून पेल्याच्या कडेला तेवढी व्होडका चोपडलेली!

खरी दारू मिळालेल्या गटांत डोळ्यांपर्यंत पोहोचणारं हसू जास्त दिसलं, तेही बरेचदा तिघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी. गप्पांत तिघंही ओढले गेले. फसव्या पेल्यांनी तेवढं साधलं नाही, म्हणजे हा नुसता मनाचा खेळ नव्हता.

होतं काय? मेंदूत संदेशांना लगाम घालणारं गाबा हे रसायन असतं. दारू त्याचा जोर वाढवते आणि पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा जोर कमी करते. ‘समोरच्याला मी कसा वाटतोय’ ही धाकधूक त्यामुळे विरते. मात्र पेले वाढत गेले की त्याच वाटेने जीभ अडखळते, तोल जातो, भांडणं होतात.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार एंडॉर्फिनकडे, म्हणजे मेंदूत तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनांकडे, बोट दाखवतात. माकडं तासन्‌तास एकमेकांचे केस निवडतात, तेव्हा त्यांच्या मेंदूत ही रसायनं पाझरतात आणि नाती घट्ट होतात. दारूही तीच यंत्रणा जागी करते. डनबार यांच्या २०१७ च्या अभ्यासात, ब्रिटनमध्ये घराजवळच्या ठरलेल्या पबमध्ये नेमाने जाणाऱ्यांना जिवाभावाचे मित्र जास्त असल्याचं दिसलं. पण इथे मला शंका आहे. पबमुळे मित्र मिळाले, की मित्र आहेत म्हणून पाय पबकडे वळतात? अशा पाहणीतून ते ठरत नाही.

शिवाय शरीराचा हिशेब वेगळाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलं, आणि कितीही कमी प्यायली तरी ती निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं.

एंडॉर्फिनला मात्र पेलाच लागतो असं नाही. खळखळून हसताना, एकत्र गातानाही ते पाझरतं. ऑक्सफर्डच्याच नौकापटूंनी व्यायामयंत्रावर एकेकट्याने आणि संघानेही वल्ही मारली. मेहनत सारखीच, पण संघात असताना त्यांची वेदना सोसण्याची ताकद कितीतरी जास्त वाढली.