विमानाच्या हिशेबातली पृथ्वी

प्रवासी विमानाच्या खिडकीतून पृथ्वीचा गोलावा दिसतो का? खरं सांगायचं तर जेमतेम. 10-11 किमी उंचीवरून क्षितिजाची कड फारच थोडी वाकलेली असते आणि खिडकीच्या काचांमधून काढलेल्या फोटोवर तर मुळीच विसंबू नये, कारण काच आणि कॅमेऱ्याचं भिंग दोन्ही सरळ रेषेला बाक देऊ शकतात. 1935 साली ‘एक्सप्लोरर 2’ या बलूनमधून अल्बर्ट स्टीव्हन्स यांनी सुमारे 22 किमी उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात कड स्पष्ट वाकलेली दिसते. पण ती उंची प्रवासी विमानाच्या दुप्पट आहे.

त्याच खिडकीतून दुसरी एक गोष्ट मात्र मोजता येते, आणि ती जास्त भरवशाची आहे. पृथ्वी अमर्याद सपाट असती तर कितीही उंच गेलं तरी क्षितिज नजरेच्या पातळीतच राहिलं असतं. प्रत्यक्षात उंची वाढेल तसं ते खाली जातं. 11 किमीवर ते पातळीच्या सुमारे 3.4 अंश खाली असतं. ज्या विमानांत वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर कृत्रिम क्षितिजरेषा उमटते, तिथे उंचावर ही रेषा खऱ्या क्षितिजाच्या वर तरंगताना दिसते. 11व्या शतकात अल्-बिरुनी या विद्वानाने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच झुकाव मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली होती. त्याच्या वाट्याला अर्ध्या अंशाहून किंचित मोठा कोन आला. विमानात तो जवळजवळ सहापट होतो.

गोलाव्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा दक्षिण गोलार्धातल्या उड्डाणांत आहे. चिलीतलं सँटियागो आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, विषुववृत्तापासून साधारण 33-34 अंश दक्षिणेला. नकाशावर पट्टी ठेवली तर वाटेल, सरळ त्या अक्षांशावरूनच जावं. तसं गेलं तर अंतर पडतं सुमारे 12,770 किमी. गोलावरची खरी जवळची वाट दक्षिणेकडे खोल उतरते, जवळपास 62 अंशांपर्यंत, आणि तिची लांबी भरते सुमारे 11,340 किमी. एवढी मोठी बचत कुठलीही विमान कंपनी सोडणार नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. दोरा आपोआप अंटार्क्टिकाच्या दिशेला सरकेल.

आता पृथ्वी म्हणजे उत्तर ध्रुव मध्यभागी असलेली सपाट तबकडी आहे, असं घटकाभर मानू. त्या तबकडीवर याच दोन शहरांमधलं सरळ अंतर 25,000 किमीच्या वर जातं. ताशी 900 किमी वेगाने त्याला 28 तास लागले असते. प्रत्यक्षात हे उड्डाण साधारण 12 ते 14 तासांत, वाटेत कुठेही न उतरता पार पडतं. इंधनाच्या टाकीपुढे वाद चालत नाही.

रेडिओचंही तसंच. विमानात नेहमीच्या संभाषणासाठी वापरतात त्या व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. 35,000 फुटांवरच्या विमानाशी जमिनीवरचं केंद्र साधारण 400 किमीपर्यंत बोलू शकतं. त्यापलीकडे मध्ये पृथ्वीच येते. म्हणूनच महासागरावर लघुलहरी किंवा उपग्रह यांचा आधार घ्यावा लागतो.

इथे एक शंका हमखास येते: पृथ्वी गोल असेल तर वैमानिकाला विमानाचं नाक सतत खाली दाबावं लागत नाही, असं कसं? हिशेब करून पाहू. पृष्ठभागावर दर 111 किमीला एक अंश वळण आहे. ताशी 900 किमी वेगाने विमानाला तासाला सुमारे 8 अंश वळावं लागतं, म्हणजे मिनिटाला अंशाचा सातवा-आठवा भाग. विमान ठरावीक हवेच्या दाबाची पातळी धरून उडतं आणि ही पातळी स्वतःच पृथ्वीभोवती वाकलेली असते. त्या वाटेवर राहण्यासाठी पंखांनी दिलेली उचल वजनापेक्षा हजारात एक भागाने कमी पडली की पुरे. स्वयंचलित नियंत्रक दर क्षणाला याहून कितीतरी मोठ्या दुरुस्त्या करत असतो, त्यात ही मिसळून जाते. वैमानिकाच्या हाताला ती जाणवत नाही.

जायरोस्कोपला मात्र पृथ्वीचं वळण आणि फिरणं दोन्ही जाणवतं, आणि मला वाटतं या विषयाचा खरा गाभा इथेच आहे. जायरोस्कोप म्हणजे वेगाने फिरणारा, चौकटीत मोकळा टांगलेला भोवराच. त्याचा अक्ष ताऱ्यांच्या संदर्भात आपली दिशा सोडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी 1851 मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लंबक टांगून पृथ्वीचं परिवलन दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी जायरोस्कोप तयार केला, तोही त्याच कामासाठी. प्रवासी विमानं तेव्हा नव्हतीच. आज छोट्या विमानांत दिशा दाखवणारं जे जायरो-यंत्र असतं, ते दर दहा-पंधरा मिनिटांनी चुंबकीय होकायंत्राशी जुळवून घ्यायला शिकाऊ वैमानिकाला शिकवतात. घर्षणामुळे यंत्र थोडं भरकटतं हे खरं. पण घर्षण पूर्ण नाहीसं केलं तरी भरकटणं थांबत नाही, कारण खालची पृथ्वीच फिरते आहे. हा सरकण्याचा वेग तासाला 15 अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन), इतका असतो. विषुववृत्तावर शून्य, 30 अंशांवर तासाला साडेसात, 60 अंशांवर 13. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलं की सरकण्याची दिशा उलटी होते. साध्या घर्षणाला आपण कुठल्या गोलार्धात आहोत हे कुठून कळणार?

मोठ्या विमानांतली जडत्व-मार्गदर्शन प्रणाली, म्हणजे बाहेरच्या खुणांशिवाय विमानाची जागा आणि दिशा सांगणारी यंत्रणा, याच्या पुढे जाते. उड्डाणापूर्वी विमान जागेवर स्थिर उभं असताना ही प्रणाली काही मिनिटं स्वतःला ‘जुळवून’ घेते. त्वरणमापक आधी गुरुत्वाची दिशा, म्हणजे ‘खाली’ कुठे आहे ते ठरवतात. मग लेझर जायरो तासाला 15 अंशांचं पृथ्वीचं परिवलन मोजतात. त्या परिवलनाचा आडवा भाग खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवतो, आणि आडव्या-उभ्या भागांच्या प्रमाणातून अक्षांश मिळतो. चुंबक नाही, तारे नाहीत, उपग्रह नाहीत. बंद डब्यातल्या यंत्राला निव्वळ पृथ्वीच्या गिरकीवरून उत्तर दिशा सापडते. वैमानिकाने चुकीचा अक्षांश भरला तर प्रणाली तो फेटाळून लावते. रेखांशाची चूक मात्र तिला या मोजणीतून पकडता येत नाही, कारण एकाच अक्षांशावर सगळीकडे गिरकी सारखीच जाणवते. ध्रुवाकडे जावं तसा आडवा भाग लहान होत जातो, जुळवणीला जास्त वेळ लागतो, आणि प्रत्यक्ष ध्रुवावर ती जमतच नाही. फिरत्या गोलावर नेमकं असंच घडायला हवं.

उड्डाण सुरू झाल्यावर याच प्रणालीला ‘खाली’ची दिशा सतत वळवत न्यावी लागते. त्यातल्या लहानसहान चुका वाढत न जाता झोके घेतात, आणि एका झोक्याचा काळ असतो 84.4 मिनिटं. जर्मन अभियंता माक्स शूलर यांनी 1923 मध्ये हा काळ मांडला. तो पृथ्वीची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण या दोनच गोष्टींवरून ठरतो. अनंत त्रिज्येच्या, म्हणजे सपाट पृथ्वीवर हा झोका कधी परतलाच नसता. यंत्राच्या चुकीतूनही ग्रहाची त्रिज्या वाचता यावी, हे मला फार सुंदर वाटतं.

आता पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचत का नाही? कारण विमान आणि त्याच्याभोवतीची हवा दोन्ही उड्डाणाआधीपासूनच पृथ्वीबरोबर फिरत असतात. उलट उत्तर अटलांटिकवर पूर्वेकडचा प्रवासच लवकर होतो. परिवलनामुळे वळलेले पश्चिमी वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, तिथे विमानाला मागून ढकलतात. फेब्रुवारी 2020 मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, ते याच वाऱ्यांच्या जोरावर.

गिरकीचा थेट परिणाम वजनावरही होतो. पूर्वेकडे उडणाऱ्या माणसाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो आणि तो किंचित हलका होतो. पश्चिमेकडे उडणारा जड होतो. विषुववृत्तावर ताशी 900 किमी वेगाने उडताना 70 किलोच्या माणसाच्या या दोन वजनांत सुमारे अर्ध्या किलोचा फरक पडतो. 20व्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवरच्या गुरुत्वमापनांतला असा फरक हंगेरीचे लोरांद एटव्हश यांनी ओळखला. विमानातून खनिजांच्या शोधासाठी गुरुत्व मोजणाऱ्यांना आजही ही दुरुस्ती केल्याशिवाय आकडे वापरता येत नाहीत.

ऑक्टोबर 1971 मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची चार आण्विक घड्याळं नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेच्या दिशेने आणि एकदा पश्चिमेच्या दिशेने. जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडची फेरी सुमारे 59 नॅनोसेकंद मागे पडली, तर पश्चिमेकडची 273 नॅनोसेकंद पुढे गेली. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार, उंचीवर गुरुत्व कमी, म्हणून दोन्ही फेऱ्यांत घड्याळं थोडी जलद चालणारच होती. पण वेगामुळे घड्याळ मंदावतं, आणि हा वेग पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या चौकटीतून मोजावा लागतो. तिथून पाहिलं तर पूर्वेकडचं विमान जमिनीपेक्षा जोरात धावत होतं आणि पश्चिमेकडचं जमिनीपेक्षा सावकाश. पृथ्वी स्थिर असती तर दोन्ही फेऱ्यांचे आकडे जवळपास सारखेच आले असते.