बॉट-ओळख (ऑनलाइन खेळांतील)

अनेकांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायच्या खेळात एखाद्या खात्यामागे माणूस आहे की प्रोग्रॅम, हे ताडण्याच्या पद्धतींना मिळून बॉट-ओळख म्हणतात. येथे बॉट म्हणजे खेळाडूने नियम मोडून, चोरून चालवलेला प्रोग्रॅम. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या खेळात मैदान भरण्यासाठी कंपनी स्वतःच जे संगणकी खेळाडू उतरवते त्यांनाही मुले बॉटच म्हणतात, पण ते या नोंदीचा विषय नाहीत. नेम लावून देणारे प्रोग्रॅमही वेगळे. तेथे खेळणारा माणूसच असतो, फक्त हात उसना असतो.

हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो हजारो खेळाडूंच्या कायम चालू असणाऱ्या काल्पनिक जगांत. लिनिएज (१९९८), रूनस्केप (२००१), वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) ही त्यांतली ठळक नावे. या खेळांत तेच राक्षस मारत, तीच झाडे तोडत तासन्‌तास काढले की पात्राची लेव्हल वाढते आणि खेळातले सोने साठते. हे सोने बाहेर खऱ्या पैशांना विकले जाते. न झोपणारा, न कंटाळणारा प्रोग्रॅम पन्नास खात्यांवर चालवला की तो धंदाच होतो. मग खेळाच्या बाजारात सोने वाढते, वस्तूंचे भाव चढतात आणि हाताने खेळणाऱ्याच्या मेहनतीला किंमत उरत नाही. कंपन्या बॉटच्या मागे लागतात त्या याच कारणाने.

संगणकाची झडती

पहिला मार्ग सरळ आहे: खेळाडूच्या संगणकात डोकावायचे आणि बॉटचा प्रोग्रॅम चालू आहे का ते पाहायचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचा वॉर्डन हा पहारेकरी प्रोग्रॅम याचा सर्वांत चर्चेतला नमुना. त्याचे दोन भाग होते. एक भाग खेळात प्रवेश देण्याआधी संगणकाची मेमरी तपासत असे; दुसरा खेळ चालू असताना मधूनमधून मेमरीतल्या ठरावीक जागी काय आहे ते सर्व्हरला कळवत असे. ज्ञात बॉटच्या खुणा तेथे सापडल्या की खाते पकडले जाई. २००५ मध्ये सुरक्षातज्ज्ञ ग्रेग हॉगलंड यांनी वॉर्डन उघड्या खिडक्यांची शीर्षकेसुद्धा वाचतो हे दाखवून दिले आणि खासगीपणाचा वाद पेटला. तो वाद आजही मिटलेला नाही. रायट गेम्सचा व्हॅनगार्ड (२०२०) तर विंडोज सुरू होतानाच सर्वांत आतल्या थरात जाऊन बसतो. २०२४ मध्ये तो त्याच कंपनीच्या लीग ऑफ लेजंड्स या खेळालाही लावण्यात आला. बॉटकडून लेव्हल वाढवून घेतलेली खाती विकण्याचा धंदा रोखणे, हे त्याचे एक जाहीर कारण होते.

वॉर्डनला चुकवण्यावरच ग्लायडर या बॉटचा धंदा उभा होता. तो बनवणाऱ्या एमडीवाय इंडस्ट्रीजने त्याचे सुमारे १,२०,००० परवाने विकून २००८ पर्यंत ३५ लाख डॉलरची विक्री केली. प्रकरण अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयात गेले. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने म्हटले की, बॉट वापरून खेळाचा करार मोडला म्हणून आपोआप कॉपीराइटचा भंग होत नाही. मात्र वॉर्डनचा पहारा चुकवणारे साधन विकणे हा डिजिटल कॉपीराइट कायद्याचा भंग आहे. म्हणजे गुन्हा ठरला तो खेळण्याचा नव्हे, कुलूप उघडण्याचा.

झडतीची मर्यादा उघड आहे. संगणक खेळाडूच्या ताब्यात असतो. पडदा कॅमेऱ्याने पाहून वेगळ्या उपकरणातून माऊस हलवणारा बॉट त्या संगणकाच्या मेमरीत कोठेच नसतो.

सापळे

रूनस्केपने वेगळी वाट धरली. खेळ चालू असताना अचानक काहीतरी घडवायचे. आपण तोडत असलेल्या झाडाला एकाएकी चेहरा फुटे; माणूस ते पाहून थांबे, बॉट घाव घालतच राही आणि कुऱ्हाड मोडे. कधी कोणी पात्र येऊन कोडे घाली. ही युक्ती गमतीदार होती, पण बॉट लिहिणाऱ्यांनी एकेक प्रसंग ओळखून त्याची उत्तरे आपल्या प्रोग्रॅममध्ये घातली. नंतर खरा त्रास झाला तो माणसांनाच. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाचेही असेच झाले. लढाईच्या ऐन मध्यावर ती कोणाला हवी असतात?

वागणुकीचा माग

आजची भिस्त वागणुकीवर आहे आणि या विषयातला खरा रस येथेच आहे. बॉट फार चांगला खेळतो म्हणून पकडला जातो असा समज आहे. प्रत्यक्षात तो पकडला जातो एकसुरीपणामुळे.

माऊसचेच पाहा. लांबच्या लक्ष्याकडे जाताना माणसाचा हात वेग घेतो, जवळच्याकडे सावकाश जातो, वाट किंचित वाकते, शेवटी थोडी दुरुस्ती होते. विल्यम अँड मेरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये ग्लायडरच्या नोंदी माणसांच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा बॉटचा माऊस बहुतेकदा सरळ रेषेत जाताना दिसला. कळ किती वेळ दाबून धरली जाते, दोन कृतींत किती विराम पडतो, यांतही फरक होता. विशेष म्हणजे या पद्धतीने बॉट संपतील असा दावा त्यांनी केला नाही. बॉट बनवणे अवघड होईल, एवढेच म्हटले.

बॉट लिहिणारे अर्थातच विरामांत यादृच्छिकता घालतात. पण ८० ते १२० मिलिसेकंदांमधला कोणताही आकडा सारख्याच शक्यतेने निवडला, तर आलेख सपाट आणि कडांना कापल्यासारखा दिसतो. माणसाच्या प्रतिसादाचा आलेख तसा नसतो. दिसलेल्या गोष्टीवर हात हलायला साधारण पाव सेकंद लागतो, त्याखाली फारसे जाता येत नाही. वर मात्र लांब शेपूट असते, कारण कधी फोन वाजतो, कधी चहा येतो. ही शेपूट हुबेहूब उतरवणे अशक्य नाही, पण तेवढा वेळ वाया घालवला की बॉटचा फायदाच घटतो.

तैवानमधील एका संशोधनात (२००६) रॅग्नारॉक ऑनलाइन या खेळात फक्त नेटवर्कवरची ये-जा तपासून बॉट ओळखले गेले. सर्व्हरकडून माहिती येताच क्षणार्धात आज्ञा सुटत होती. या पद्धतीत खेळाडूच्या संगणकाला हातही लावावा लागत नाही.

कोरियात संशोधनाला खेळ-कंपन्यांच्या प्रत्यक्ष नोंदी मिळाल्या, त्यामुळे तेथील काम अधिक भरीव आहे. २०१६ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत खात्याच्या कृतींचे कालखंड पाडून ते एकमेकांशी किती जुळतात हे मोजले गेले. माणसाचा सोमवार त्याच्याच मंगळवारसारखा नसतो; बॉटचा असतो. लिनिएज, आयॉन आणि ब्लेड अँड सोल या तिन्ही खेळांवर ही पद्धत तपासली गेली. आयॉनमध्येच दुसरी खूण सापडली ती सोबतीची. माणसे अवघड कामगिरीसाठी टोळी करतात आणि काम झाले की पांगतात. बॉट मात्र दोघादोघांच्या जोड्या करून प्रदीर्घ काळ चिकटून राहतात.

याच विचाराचे पुढचे टोक म्हणजे पैशांचा माग. कष्ट करणारी अनेक खाती आपले सगळे सोने एकाच खात्याला देतात आणि बदल्यात काहीच घेत नाहीत. एकेक खाते माणसासारखे वागत असले, तरी देवघेवीचे जाळे ते खपवून घेत नाही. माझ्या मते सर्वांत टिकाऊ खूण हीच, कारण सोने कोठेतरी गोळा केल्याशिवाय विकता येत नाही.

पकडल्यावर

बॉट आढळताच खाते बंद केले, तर नेमक्या कोणत्या खुणेवरून पकडले हे बॉट लिहिणाऱ्याला लगेच कळते. म्हणून कंपन्या आठवडे, कधी महिने गप्प राहतात आणि मग हजारो खाती एकदम बंद करतात. ऑक्टोबर २०११ मध्ये रूनस्केपच्या जॅगेक्स कंपनीने खेळाच्या प्रोग्रॅमची आतली मांडणी विस्कटून प्रचलित बॉट निकामी केले आणि सुमारे १५ लाख खाती बंद केली. मे २०१५ मध्ये ब्लिझार्डने ऑनरबडी या जर्मन बॉटच्या वापरावरून एक लाखाहून अधिक खाती सहा महिन्यांसाठी निलंबित केली. दक्षिण कोरियात तर अशी अनधिकृत साधने बनवणे आणि वाटणे हा २०१७ पासून तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे.

नाहक पकडले जाणारे

९९ टक्के अचूक चाचणी ऐकायला उत्तम वाटते. समजा, १० लाख खात्यांत १० हजार बॉट आहेत. चाचणी ९,९०० बॉट पकडील, आणि उरलेल्या ९ लाख ९० हजार माणसांपैकी एक टक्का, म्हणजे पुन्हा ९,९००, नाहक पकडील. पकडलेल्यांतला अर्धा वाटा निर्दोष! म्हणून एकाच खुणेवर खाते बंद करणे शहाणपणाचे नाही. अनेक खुणा जुळाव्या लागतात आणि दाद मागायची सोय हवी. अपंगत्वामुळे खास बटणे किंवा मॅक्रो (एका कळीत अनेक कृती बांधून ठेवण्याची सोय) वापरणाऱ्यांवर संशय लवकर जातो. भारतात आणखी एक भर पडते: मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे पत्त्यावरून बंदी घातली की शेजारीपाजारीही भरडले जातात.

पैशांच्या खेळांत

पोकरमध्ये सारख्या डावांत वेगवेगळी खाती सारखेच निर्णय घेतात का, हे कंपन्या पाहतात. भारतातील ऑनलाइन रमीत संशयाची दिशा मात्र उलटी होती. समोर कंपनीनेच बॉट बसवला असेल, अशी भीती खेळाडूंना वाटे आणि त्यावर उतारा म्हणून कंपन्या ‘नो बॉट’ प्रमाणपत्रे जाहिरातीत मिरवत. येथे माग काढणे फार कठीण, कारण सगळ्या नोंदी ज्याच्यावर संशय त्याच्याच हातात. खेळाडूला दिसतात ते फक्त स्वतःचे डाव. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि या कंपन्यांनी आपले रोख डाव थांबवले.