पांढऱ्या कागदावरची निळी सावली

ठाण्यात येऊरच्या डोंगराआड सूर्य गेला की छायाचित्रण शिकायला आलेल्या मुलांच्या हाती मी लगेच कॅमेरा देत नाही. खिडकीजवळच्या टेबलावर कोरा पांढरा कागद ठेवतो, खोलीच्या बाजूने एक पिवळा दिवा लावतो आणि मधोमध पेन्सिल उभी धरायला सांगतो. कागदावर दोन सावल्या पडतात. एक निळी, दुसरी नारिंगी. सावली काळीच असते असे आजवर मानलेली मुले तेव्हा अगदी कागदावर ओणवी होतात.

दिव्याचा उजेड जिथे पेन्सिलीने अडवला, तिथे केवळ आकाशाचा प्रकाश पोहोचतो, आणि आकाशाचा अडला तिथे केवळ दिव्याचा. उजेड किती पिवळा वा निळा हे रंगतापमानाने मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. अशा दिव्याचे रंगतापमान सुमारे २,७०० केल्विन असते, तर निळ्या आकाशाचे १०,००० केल्विनच्याही वर जाते. एवढा फरक असूनही शाळेचा पांढरा सदरा अंगणात आणि घरात सारखाच पांढरा दिसतो, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून वस्तूचा रंग ठरवतो. याला रंगस्थैर्य म्हणतात. कागदावर मात्र दोन्ही उजेड शेजारी येतात आणि ही वजाबाकी पुरी पडत नाही. शिवाय शेजारच्या नारिंगीमुळे निळा रंग आहे त्याहून गडद भासतो.

चित्रकाराला ही सवय मोडावी लागते. सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवलेली, हाती दिवा घेतलेली स्त्री आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीआड धरलेल्या तिच्या हाताची बोटे तांबूस उजळलेली दिसतात, आणि हे निरीक्षण अचूक आहे, कारण रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषते व तांबडा पुष्कळसा पार जाऊ देते. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून हे कोणालाही पाहता येईल. हे चित्र जलरंगातले आहे, आणि पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मुळात कागदाचाच पांढरेपणा, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. म्हणून मला हे चित्र विशेष मोठे वाटते.

यानंतर आम्ही मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीवर जातो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे मेंदूसारखीच उजेडाचा रंग वजा करणारी सोय, ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर ठेवायचा, एवढीच सूचना असते. डोळ्यांना करडे दिसणारे मासुंद्याचे पाणी फोटोत निळे येते, त्यावरचे पिवळ्या दिव्यांचे पट्टे नारिंगी येतात, आणि मुले पडद्यावरून नजर उचलून पुन्हा पाण्याकडे पाहू लागतात.