पार्श्वभूमी : हंगेरीची ‘फ्रीस्टाइल’ जलतरणपटू आणि तिचे जगभरातले चाहते

पाच ऑलिम्पिक, पदक एकही नाही, तरी चाहते जगभर. दक्षिण हंगेरीतल्या पेच शहरात 1989 मध्ये जन्मलेल्या झुझाना याकाबोश या जलतरणपटूचा शोध घेतला की आधी फोटो समोर येतात, शर्यतींचे निकाल मागून. अनेक फोटोंखाली ओळख असते ‘फ्रीस्टाइल जलतरणपटू’. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फ्रीस्टाइल म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते, नाहीतर बातम्यांमधली ‘फ्रीस्टाइल हाणामारी’. मराठी क्रीडापानांवर ‘मुक्त शैली’ असेही छापतात. नियमाने या शर्यतीत कसेही पोहता येते. प्रत्यक्षात सगळे क्रॉलच, म्हणजे पालथे राहून आळीपाळीने हात मारत, पोहतात, कारण सर्वांत वेगवान तोच. मिडले, म्हणजे चार प्रकार एकापाठोपाठ पोहायची शर्यत; तिच्या शेवटच्या टप्प्यात मात्र ही मोकळीक आटते : बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक हे आधीचे तीन प्रकार चालत नाहीत. हंगेरियन भाषेने हा घोळ ठेवलेलाच नाही. तिथला शब्द ‘ग्योर्शऊसाश’, म्हणजे सरळ ‘वेगाचे पोहणे’. उलट ‘सबदऊसो’, शब्दशः मुक्तपणे पोहणारा, हा शब्द तिथे नोकरी न धरता स्वतंत्र काम करणाऱ्याला लावतात.

शब्दावर इतके थांबायचे कारण म्हणजे या शिक्क्याने तिची खरी मेहनत झाकली. फ्रीस्टाइल ती पोहली, रिले संघातही पोहली; पण वैयक्तिक ओळख बटरफ्लाय आणि मिडलेची. 2012 मध्ये डेब्रेत्सेनच्या युरोपियन स्पर्धेत तिला रौप्य मिळाले ते 200 मीटर बटरफ्लायमध्ये. 400 मीटर मिडले म्हणजे चारही प्रकार, प्रत्येकी 100 मीटर, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. शेवटच्या क्रॉलपर्यंत खांदे भरून आलेले असतात. ते फोटोत दिसत नाही.

हंगेरीला पोहण्याचे वेड जुनेच. 1896 मध्ये अथेन्सच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये एक हंगेरियन तरुण थंड समुद्रात अंगाला चरबी फासून उतरला आणि 100 व 1200 मीटर जिंकला. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या जलतरणातल्या पाचपैकी चार सुवर्णपदके याच देशाने नेली. त्या विजेत्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत एक दिवस छापून यायची, एवढेच.

हिचा काळ वेगळा. पंधराव्या वर्षी ती 2004 च्या अथेन्सला गेली, तेव्हा खेळाडूच्या हातात स्वतःचे असे माध्यम नव्हते. लंडन 2012 पर्यंत चित्र पालटले. स्पर्धेतले फोटो हातोहात फिरले, आणि त्यांतले बरेच पोहण्यासाठी पाहिले जात नव्हते, हे मान्य करायला हवे. मात्र पुढे ती सरावाचे व्हिडिओ स्वतः टाकू लागली. 2020 च्या शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय जलतरण लीग कोरोनामुळे बुडापेस्टच्या दुना अरेनात बंदिस्त वातावरणात झाली. तीही त्यात उतरली, आणि जगाने ते पडद्यावरच पाहिले. पुढच्या वर्षी टोकियोतही प्रेक्षागार रिकामे होते. ती तेव्हा 32 वर्षांची होती.